लेट्यूस गोड हवं तर पेरणी दिवाळीनंतर

इंग्लंडमध्ये परसबाग म्हटली की लेट्यूसची एखादी ओळ आलीच. इथे मार्चपासून ऑगस्टपर्यंत पेरतात. बियांच्या पाकिटावर हेच महिने छापलेले असतात आणि सोलापुरात ते जसेच्या तसे पाळले की फसगत ठरलेली: बी उगवत नाही, उगवलंच तर पान कडू.

लेट्यूस आपल्या करडईच्या आणि पाथरीच्याच कुळातलं. करडईची भाजी कोवळी असेपर्यंतच खायची, काटे धरले की संपलं. पाथरीचं पान मोडलं की पांढरा चीक येतो. लेट्यूसलाही तसाच चीक असतो आणि कडूपणा त्यातच असतो. कांद्याला डेंगळा येतो तसा याला फुलोऱ्याचा दांडा फुटू लागला की चीक वाढतो. ऊन, तहान आणि मोठा दिवस ही तिन्ही त्याची कारणं. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा असतो, त्यामुळे इथेही तेव्हा लेट्यूस लवकर दांडा काढतं. डिसेंबरात सोलापूरचा दिवस जेमतेम 11 तासांचा. या बाबतीत आपली थंडी सरस!

पहिली पेरणी दिवाळीनंतर करा, पुढे दर 15 दिवसांनी थोडी थोडी, आणि शेवटची जानेवारीत संक्रांतीला भरणाऱ्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आत उरका. त्यानंतर पेरलेलं मार्चच्या उन्हात सापडतं. जात सुट्या पानांची किंवा मऊ गड्ड्याची घ्या. आइसबर्गच्या नादी लागू नका. त्याचा घट्ट गड्डा बांधायला अडीच महिन्यांहून जास्त लागतात आणि तेवढा काळ गारवा हवा.

बी उगवायला 15 ते 20 अंश तापमान उत्तम. 28-30 च्या पुढे ते झोपी जातं, मग कितीही पाणी घाला. म्हणून पेरणी संध्याकाळी करा. नोव्हेंबरात दुपार तापत असेल तर बी ओल्या कापडात गुंडाळून दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा आणि मग पेरा. बियाला उजेड लागतो, वर माती जेमतेम भुरभुरायची. बोटाने खोल खड्डा करून पुरलेलं बी बहुधा वर येतच नाही.

नुसती काळी माती कुंडीत नको. पाणी दिलं की चिकट, वाळली की भेगा. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत किंवा जुनं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट. पान कच्चं खायचं आहे, म्हणून ताजं शेण अजिबात नको. मुळं उथळ असतात, 15 ते 20 सेंटिमीटर खोलीचा टब पुरतो. तळाला भोकं मात्र हवीत. चार पानं झाली की 20 सेंटिमीटरवर रोपं लावा. मधला कोंब मातीत गाडला गेला तर तो कुजतो.

खरी गोम पाण्यात आहे. उथळ मुळांना एक दिवसाची तहानही कळते, आणि नळाला तर रोज पाणी येत नाही, त्यामुळे बादलीभर साठवून ठेवा. रोज सकाळी थोडं, दुपारी पान मलूल दिसलं तर पुन्हा थोडं. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर मातीवर पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. अशा टबात 15 दिवसांतून एकदा नळाचं पाणी तळातून वाहून जाईपर्यंत ओता. सकाळचं ऊन चालतं, दुपारी 50 टक्के शेडनेट बांधा. मावा पानाच्या खालच्या बाजूला बसतो. रोज पान उलटून पाहा आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा.

पेरणीपासून 45-50 दिवसांत बाहेरची पानं खुडायला येतात. खुडणी पहाटे करा, तेव्हा पान पाण्याने भरलेलं असतं. दुपारचं लगेच मलूल पडतं. सगळं झाड एकदम कापायचं असेल तर बुडाशी 3-4 सेंटिमीटर ठेवा, पुन्हा फुटतं. मधला भाग उंच होऊ लागला, पानं अरुंद होऊन उभी राहिली की एक पान चावून पाहा. कडू लागलं तर झाड उपटून कंपोस्टात टाका, थंड पाण्यात भिजवून पान कुरकुरीत होईल, गोड नाही.

चांगलं साधलेलं पान ड्रेसिंगशिवायही खपतं: कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर चार पानं.