उलुवातूचा मारुती

आईचं गुडघ्याचं दुखणं लक्षात घेऊन बालीत एका दिवसासाठी आम्हा दोघींपुरती गाडी आणि गाइड ठरवला. तरी पाडांग पाडांगच्या किनाऱ्यावर उतरायला खडकातल्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या आहेतच. आई वरच थांबली. मी दहा मिनिटांत पाय भिजवून परत. गरुड-विष्णूचा पुतळा चौथऱ्यासकट १२१ मीटर उंच, २०१८ मध्ये पूर्ण झालेला. भव्य आहे, पण मला फारसा भिडला नाही.

उलुवातूचं देऊळ मात्र! समुद्रावर सरळ तुटलेला कडा, खाली फेसाळ लाटा. कमरेला सारोंग गुंडाळून आत जायचं. गाइडनं आधीच बजावलं होतं, "चष्मा काढून ठेवा." आईनं ऐकलं नाही. माकडानं तो अलगद उचलला आणि फळ मिळाल्यावरच सोडला. एक काडी वाकडी!

सूर्य टेकला तसं केचक सुरू झालं. वाद्य एकही नाही. उघड्या अंगाचे पन्नासेक पुरुष दिव्याभोवती गोल बसून नुसतं 'चक-चक-चक' म्हणतात, आणि त्यातूनच ताल, वानरसेना, सगळं उभं राहतं. हे नाट्यरूप १९३०च्या दशकातलं. मुळं मात्र अंगात येण्याच्या जुन्या सांगह्यांग विधीत. सीताहरण झालं. मग पांढरा हनुमान पेटत्या आगीतून उड्या मारत आला आणि आईनं वाकड्या चष्म्यातूनच हात जोडले.

"मघाचं माकड ह्याच्याच घरचं," ती पुटपुटली.