वळणाआधीचा एक मीटर

नवी ट्राम आली की रात्री शेवटची गाडी गेल्यावर तिला पहिल्यांदा लाइनवर काढतात, कुठे काही घासतं का ते पाहायला. अंगाला आणि मागच्या टोकाला 40 मिमी जाडीच्या फोमच्या पट्ट्या, माणसाच्या चालीचा वेग, दोन्ही बाजूंना टॉर्च घेतलेली माणसं. फोम खरवडला की तिथे खडूची खूण.

उंचीची काळजी आम्ही भरपूर घेतली होती. 600 मिमी व्यासाचं चाक झिजून 540 वर आलं की गाडी 30 मिमी खाली बसते, ते पॅकिंग घालून भरून काढायचं, वगैरे. त्या रात्री उंचीने दगा दिला नाही.

फलाट सरळ, गाडी आणि फलाट यांत 50 मिमी फट. फलाट संपल्यावर 8 मीटरवर 25 मीटर त्रिज्येचं वळण, आणि फलाट वळणाच्या बाहेरच्या बाजूला. पुढचे डबे वळले, शेपूट अजून फलाटापाशी, आणि तिथेच फोम दबायला लागला. गाडी थांबवली.

नकाशात वळण तपासलेलं होतं, फलाटही. पण वळणाचा हिशोब वळण जिथे सुरू होतं तिथूनच मांडला होता, आणि शेपूट झुकते ती त्याच्या आधी. शेवटच्या डब्याच्या दोन बोगींमधलं (डब्याखालच्या चाकांच्या दोन संचांमधलं) अंतर 10 मीटर, मागच्या बोगीमागे 3.5 मीटर अंग लोंबतं. ते टोक फलाटाच्या शेवटाशी असताना पुढची बोगी वळणात 5.5 मीटर शिरलेली असते, म्हणजे जवळपास 600 मिमी आत सरकलेली. डबा मागच्या बोगीवर फिरतो आणि टोक 210 मिमी बाहेर येतं. टोक निमुळतं असल्याने 150 सुटतात, उरले 60. फट 50. जुन्या गाड्यांचं मागे लोंबणारं अंग आखूड होतं, म्हणून हे कधी कोणाला दिसलंच नाही.

चालकाने हळू न्यावं, अशी सूचना एका साहेबांनी केली. वेग कमी केल्याने भूमिती बदलत नाही.

फलाट पूर्ण मागे घेतला तर सगळ्याच दारांपाशी फट वाढते, व्हीलचेअरचं पुढचं चाक त्यात अडकतं. म्हणून फक्त शेवटच्या एका मीटरची कड तिरकी कापायची ठरली. तिथे दार येतच नाही. फलाटाच्या शेवटापासून साधारण अर्धा मीटर मागे कड न कापताही जवळपास 30 मिमी मोकळीक उरते, म्हणजे कापणी खरी तेवढ्यापुरतीच लागते; उरलेला अर्धा मीटर धीर म्हणून.

पण हा सगळा हिशोब नवा रूळ आणि नवी चाकं धरून आहे. रुळाची बाजू झिजते, फ्लँज (चाकाला रुळावर धरणारी कड) झिजते, सस्पेन्शनची आडवी ढिलाई वेगळी. कापायची रेघ 30 मिमी मोकळीक धरून आखली आहे, कापणी व्हायची आहे. मी अजूनही ती 45 वर न्यावी की नाही, हेच मोजतोय.