पुन्हा पुन्हा पेटणारा चेक इंजिनचा दिवा

डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा पेटला की गाडी गॅरेजमध्ये जाते, स्कॅनर लावून संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पुसला जातो, दिवा विझतो आणि काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा हजर होतो. या चक्राचे मूळ, माझ्या मते, कोड पुसण्याच्या घाईत असते. दोष नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि त्यावरचा भार काय होता, याची नोंद गाडीचा संगणक साठवून ठेवतो. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की ही नोंदही जाते आणि दोष नेमका कोणत्या परिस्थितीत उद्भवतो हे सांगणारा सर्वांत मोलाचा पुरावा हातचा निघून जातो. म्हणून स्कॅनर लावल्यावर आधी त्या नोंदीचा फोटो काढून ठेवावा, असा माझा आग्रह असतो.

हा धीर अर्थातच स्थिर पेटलेल्या पिवळ्या दिव्यापुरता. ऑइल प्रेशरचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला, तर गाडी सुरक्षितपणे बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर सहसा मिसफायर होत असतो, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसते, आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, जाऊन तो अतितापाने निकामी होऊ शकतो. तेव्हा वेग लगेच कमी करावा आणि गाडी फार पुढे नेऊ नये.

दुसरी अडचण अशी की कोड हा लक्षणाचे नाव सांगतो, खराब झालेल्या भागाचे नव्हे. पी०१७१ हा कोड इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. तो दिसला की ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर, बदलण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो, पण तो सेन्सर बहुधा आपले काम चोख करत असतो. अशा वेळी स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे संगणक इंधनात करत असलेली दुरुस्ती, दोन स्थितींत पाहावी. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना हा आकडा अधिक २० टक्क्यांच्या आसपास असेल आणि इंजिनाचे फेरे मिनिटाला २५०० पर्यंत नेल्यावर शून्याजवळ येत असेल, तर कुठून तरी मोजमापाबाहेरची हवा आत शिरते आहे, असे समजावे. आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, इंजिन एकूण हवाच कमी घेते, त्यामुळे गळतीचा वाटा मोठा ठरतो. फेरे वाढले की तो नगण्य होतो. याउलट भार वाढेल तसा आकडा चढत गेला, तर इंधन पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा. आमच्या गाडीत दोष निघाला तो एका रबरी व्हॅक्यूम नळीत. वरून ती अगदी धड दिसत होती, पण तिच्या वळणाच्या खालच्या अंगाला नखाएवढी चीर होती आणि नळी बोटाने वाकवल्यावरच ती उघडत असे. एवढी बारीक चीर स्मोक टेस्टने, म्हणजे नळ्यांत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे पाहून, लवकर सापडते.

एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा), स्टीअरिंग आणि ट्रॅक्शन (चाके घसरून फिरू न देणारी यंत्रणा) यांचे दिवे एकदम लागले, तर तीन बिघाड शोधत बसण्याआधी बॅटरी पाहावी. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी काही तास उभ्या गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. बॅटरी चांगली असूनही दिवे परत येत असतील, तर बॅटरीचे ऋण टोक इंजिनाशी जोडणारी अर्थिंगची पट्टी तपासावी: मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा आला, तर त्या जोडात गंज किंवा ढिलेपणा आहे. ही तपासणी जेमतेम दोन मिनिटांची असते, आणि तरीही ती न करता महागडी मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक, बदलली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

फक्त एबीएसचा दिवा पावसात किंवा गाडी धुतल्यावर लागत असेल, तर चाकाजवळच्या वेग-सेन्सरची वायर आणि कनेक्टर पाहावा. पिनांवर हिरवट थर आढळतो. चारही चाकांचे वेग स्कॅनरवर एकत्र लावून गाडी हळूहळू थांबवली, तर इतरांच्या आधी शून्यावर जाणारे चाक लगेच ओळखू येते. स्कॅनर मात्र सोबतच्या माणसाने पाहावा. ब्रेकचा दिवा वळणावर क्षणभर लागत असेल, तर नुसते ब्रेक ऑइल वाढवून भागत नाही. पातळी का उतरली, पॅड झिजले आहेत की कुठे गळती आहे, हे आधी पाहावे लागते.

दुरुस्तीनंतर दिवा विझलेला असणे हा पुरेसा पुरावा नव्हे. कोड पुसल्यावर गाडीच्या बऱ्याच स्वयंचाचण्या अपूर्ण अवस्थेत जातात, आणि अनेक दोष गाडीच्या सलग दोन प्रवासांत आढळल्याशिवाय दिवा पेटत नाही. त्यामुळे काही दिवसांनी स्कॅनर पुन्हा लावून चाचण्या पूर्ण झाल्या आहेत का आणि एखादा पेंडिंग कोड, म्हणजे दिवा न पेटवता नोंदलेला कोड, बसला आहे का, हे पाहावे. इंधनाच्या वाफेच्या गळतीचा कोड असेल, तर टाकी साधारण अर्धी ठेवून गाडी चालवावी, कारण टाकी काठोकाठ भरलेली किंवा जवळजवळ रिकामी असताना अनेक गाड्यांत ती चाचणी सुरूच होत नाही.