बटव्यातल्या तीन ट्यूबा

नारळी पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता. पावसाळी बंदी उठून होड्या पाण्यात गेल्या की हर्णै बंदरात कोळंबीचे ढीग पडायला लागतात आणि पाठोपाठ माझ्या दवाखान्यात हात यायला लागतात. बर्फाच्या पाण्यात दिवसदिवस कोळंबी सोलणाऱ्या बायकांचे हात.

त्या दुपारी आलेल्या मावशी पन्नाशीच्या असतील. काही न बोलता त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. मधलं बोट आणि अनामिका यांच्या बेचक्यातली कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढरी पडली होती आणि मधोमध लालभडक सोलवटली होती. तीन नखांच्या मुळाशी मांस सुजून वर आलं होतं, आणि नखाला कातडीशी जोडणारी ती बारीक पापुद्र्याची कड नाहीशीच झाली होती. ती कड म्हणजे नखाचा बांध. तो फुटला की ओल आत शिरते आणि ओलीमागून यीस्ट, म्हणजे कँडिडा नावाची बुरशी.

अशा हातांच्या बाईला मी आणखी एक प्रश्न विचारतेच. “मावशी, अशी खाज अजून कुठे आहे?”

त्यांनी आधी दाराच्या पडद्याकडे पाहिलं. “खाली पण आहे गो बाय. दह्यासारखं जातं. तीन महिने झाले. कोणाला सांगायचं?” मग कमरेचा बटवा सोडून तीन ट्यूबा काढल्या, शेपटीपासून गुंडाळत आणून पार पिळलेल्या. “मलम लावलं का थंड पडतं. सोडलं का परत पेटतं. म्हणून लावतेच आहे. हातालाही तेच, खालीही तेच.”

ट्यूबेवरची अक्षरं इतकी बारीक की मला खिडकीपाशी जाऊन वाचावी लागली. बुरशीचं औषध, जंतूंचं प्रतिजैविक आणि क्लोबेटासोल, सगळं एकाच नळीत. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत कडक. जाडजूड कातडीच्या काही आजारांत, मोजक्या दिवसांसाठी, डॉक्टरच्या नजरेखाली त्याला जागा आहे. जांघेसारख्या नाजूक जागी तीन महिने? तपासलं तेव्हा जांघेतली कातडी कागदासारखी पातळ झालेली दिसली, तिच्यावर बाळंतपणाच्या वणांसारखे जांभळट पट्टे. माझ्या पोटात कालवलं.

“मावशी, खाज आणि लाली म्हणजे तुमच्या अंगातल्या राखणदाराची आरोळी. या मलमानं त्यालाच झोपवलं. आरोळी थांबली म्हणून तुम्हाला बरं वाटलं, चोर मात्र घरातच राहिला.” राखणदार म्हटल्यावर त्यांना पटकन उमगलं. वेशीवरच्या राखणदाराला नारळ दिल्याशिवाय आमच्याकडे वर्ष जात नाही.

बेचक्यातली थोडी खरवड आणि आतल्या स्रावाचा नमुना काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला. त्यात कातडीच्या पेशी विरघळतात, बुरशी टिकते. कळ्या फुटलेले गोल दाणे आणि लांब तंतू स्पष्ट दिसले. त्यांनाही डोळा लावायला सांगितला. बराच वेळ त्या वाकून बघत राहिल्या.

कँडिडा बाहेरूनच येते असं नाही. निरोगी बाईच्या अंगातही ती थोडी असतेच. ती माजते ती ओलीनं, प्रतिजैविकांनी, स्टिरॉइडनं आणि साखरेनं. म्हणून बोट टोचलं. साखर ३४०. मधुमेह आहे हे त्यांना त्या खुर्चीत पहिल्यांदा कळलं. त्यासाठी दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात चिठ्ठी दिली, कारण साखर खाली आल्याशिवाय कुठलंच मलम टिकणार नव्हतं.

औषध साधंच लिहिलं. हातांना आणि बाहेरच्या भागाला नुसतं बुरशीचं मलम, क्लोट्रिमॅझोल १ टक्का. धुऊन, पूर्ण कोरडं करून, दिवसातून दोनदा पातळ थर. खाज चार दिवसांत गेली तरी सोडायचं नाही, बेचक्यांना तीन-चार आठवडे लावायचं. नखांच्या मुळांना त्याहून जास्त वेळ लागेल आणि हात कोरडे राहिले तरच गुण येईल. आत ठेवायला त्याच औषधाची १०० मिलिग्रॅमची योनीतली गोळी, रोज एक, झोपताना, ओळीनं सहा रात्री. साबणानं किंवा जंतुनाशकाच्या पाण्यानं आतून धुणं बंद. नवऱ्याला तक्रार नसेल तर त्याला औषधाची गरज नाही. स्टिरॉइड सुटल्यावर काही दिवस आग वाढेल, हे मी दोनदा बजावलं. त्याच दिवसांत माणूस जुन्या ट्यूबेकडे वळतो.

हेच औषध तरुण बाईला देताना मी आणखी बोलते. या मलमानं आणि गोळीनं निरोधाचं रबर कमकुवत होतं. दिवस गेलेले असतील तर आधी दाखवायचं, बुरशीवरची तोंडानं घ्यायची फ्लुकोनॅझोलची गोळी मनानं गिळायची नाही. घाण वास, ताप, ओटीपोटात दुखणं असेल तर ते दुखणं बहुधा दुसरंच असतं. आणि पहिल्यांदाच असं होत असेल तर आधी तपासणी, मग औषध.

संध्याकाळी, मावशींनी त्या ट्यूबा घेतल्या होत्या त्या औषधाच्या दुकानात मी गेले. लावायची कडक स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम २०१८ मध्येच झाला आहे. दुकानदार म्हणाला, लोक नाव घेऊन तेच मागतात. मागत असतील. पण क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासोल ही दोन नावं कानाला जुळ्या बहिणींसारखी लागतात. न वाचता येणाऱ्या बाईनं ती कशी वेगळी करायची? तिच्या वतीनं वाचायला काउंटरमागे माणूस बसवलेला असतो. मी हे त्याला चढ्या आवाजात सांगितलं, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

मावशींना मी एक खूण शिकवली होती. ट्यूबेच्या मागे औषधाचं नाव एकाच ओळीत आहे की तीन-चार ओळी खाली चालल्या आहेत, ते बघायचं. लांबलचक यादी दिसली तर लावायच्या आधी मला दाखवायची.

तीन आठवड्यांनी त्या आल्या. बेचकी गुलाबी, कोरडी झाली होती. नखांची सूज अजून होती. हातमोज्यांच्या आत सुती मोजे घालायला लागल्या होत्या, साखरेची गोळी चालू होती. मागोमाग सोलणाऱ्या चौघीजणी पडदा सारून आत शिरल्या.

“दाखवा गो, बटवे सोडा,” मावशी म्हणाल्या. टेबलावर सहा ट्यूबा पडल्या. मी चष्मा लावेपर्यंत त्यांनी स्वतःच बोटानं ओळी मोजून पाच बाजूला काढल्या होत्या. सहावी माझ्यापुढे सरकवली.

“ही एकाच ओळीची. वाचून सांग बाय, चालंल ना?”