जीबीव्ही संग्रह, टप्पा दुसरा: फोर-ट्रॅकची वर्षं

गायडेड बाय व्हॉइसेस (जीबीव्ही) या अमेरिकन रॉक बँडच्या १९८६ ते १९९६ मधल्या संगीताचं काम एकदाचं मार्गी लागलं. अल्बम, ईपी (अल्बमपेक्षा छोटा संच), सिंगल्स, सगळं फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या ध्वनिफाइलींत) उतरवून टॅग, म्हणजे फाइलमधल्या माहितीच्या नोंदी, लावून झालं. हाच संग्रह लावणाऱ्यांच्या उपयोगी पडतील अशा या नोंदी.

आधी मांडणीबद्दल. नुसता प्रकाशनाच्या तारखेचा क्रम लावला तर या बँडचा काही थांग लागत नाही. बँडचा गायक आणि गीतकार रॉबर्ट पोलार्ड गाणी कधी लिहितो आणि ती बाहेर कधी पडतात, यात कधी महिन्याचं तर कधी वीस वर्षांचं अंतर असतं. म्हणून प्रत्येक फाइलला एक जादा टॅग दिला आहे: रेकॉर्डिंग कशावर झालं. तो लावल्यावर चित्र एकदम उघडतं. ओहायोतल्या डेटनचा हा बँड लो-फायसाठी, म्हणजे साध्या यंत्रावरच्या खरखरीत रेकॉर्डिंगसाठी, प्रसिद्ध, पण त्यांची पहिली ईपी ‘फॉरएव्हर सिन्स ब्रेकफस्ट’ (१९८६) रीतसर स्टुडिओत केलेली आहे, आणि आमच्या मते या दहा वर्षांतली तीच सगळ्यात सपक. आर.ई.एम. या बँडची छाप लपत नाही. गॅरेजकडे आणि तळघराकडे ते नंतर वळले. १९९३ च्या ‘व्हॅम्पायर ऑन टायटस’मध्ये खरखर कळसाला पोचते, आणि १९९६ च्या ‘अंडर द बुशेस अंडर द स्टार्स’पर्यंत गाडी पुन्हा स्टुडिओत. मधल्या तीन-चार वर्षांतच ‘बी थाउजंड’ (१९९४) आणि ‘एलियन लेन्स’ (१९९५) उरकले.

खरखर काढायच्या भानगडीत पडू नका. कॅसेटवरच्या फोर-ट्रॅक यंत्रात (चार ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड करणाऱ्या) जागा संपली की तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि तीन मोकळे करायचे, ही नेहमीची पद्धत. दर उतरवणीला खरखरीचा एक थर चढतो आणि वरच्या पट्टीतला थोडा आवाज मरतो. म्हणजे खरखर गाण्यावर पसरलेली नसते, आतल्या थरांत मुरलेली असते. नॉइज रिडक्शन लावलं की झांजा तिच्याबरोबर जातात आणि पोलार्डचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. शिवाय एका गाण्याच्या शांत भागावरून घेतलेला खरखरीचा नमुना दुसऱ्याला लागू पडत नाही, कारण कॅसेट वेगळी, दिवस वेगळा, कधी यंत्रही वेगळं.

‘बी थाउजंड’वरच्या ‘हार्डकोअर यूएफओज’ गाण्यात गिटार मध्येच गायब होते. रिप (फाइलमध्ये उतरवणं) पुन्हा करू नका, तार तपासू नका. ते मूळ टेपवरच तसं आहे आणि मुद्दाम तसंच ठेवलेलं आहे. ‘एक्स-सुपरमॉडेल’ या गाण्यातलं घोरणंसुद्धा खरंच घोरणं आहे.

सगळ्यात वेळ खाल्ला तो ‘एलियन लेन्स’ने. ४१ मिनिटांत २८ गाणी, म्हणजे सरासरी दीड मिनिटाच्या आत एक. काही गाणी अर्ध्या मिनिटाचीही नाहीत. ‘हिट’ जेमतेम २३ सेकंदांचं. गाणी एकमेकांना चिकटवलेली आहेत, मधे शांतता नाही. त्यामुळे तबकडीवरून घेताना शांतता ओळखून तुकडे पाडणारं सॉफ्टवेअर हात टेकतं: जिथे गाणं बदलतं तिथे कापत नाही आणि गाण्यातल्या थांब्यावर मात्र कापतं. आम्ही पूर्ण बाजू २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला घेतली, सर्वोच्च पातळी उणे ६ डेसिबलच्या खाली ठेवली, आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये खुणा हाताने लावल्या. खूण लाटेच्या शून्य बिंदूवर लावा, नाहीतर प्रत्येक सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. प्लेयरमधला क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळणं) बंद हवा. आवाज समान करायचा तर अल्बमच्या हिशेबाने. गाणंगणिक केला तर ‘हिट’सारखा तुकडाही शेजाऱ्याइतकाच छाती काढून उभा राहतो आणि मूळ चढउतार सपाट होतो.

आता किरकोळ, पण डोकं फिरवणाऱ्या गोष्टी. ‘प्रोपेलर’ (१९९२) च्या पहिल्या ५०० प्रतींची कव्हरं हाताने केलेली, एकासारखं दुसरं नाही. तेव्हा ‘मूळ कव्हर’ शोधण्यात अर्थ नाही. मिळेल ते एक चिकटवा आणि पुढे चला. त्याच अल्बमच्या पहिल्या ट्रॅकमध्ये ‘ओव्हर द नेपच्यून’ आणि ‘मेश गिअर फॉक्स’ अशी दोन नावं आहेत, मधे तिरकी रेघ. फाइलच्या नावात ती चालत नाही. टॅग लावणारी काही सॉफ्टवेअरं तिथे नवा फोल्डर तयार करतात आणि ट्रॅक अल्बममधून हरवतो. फाइलच्या नावात आडवी रेघ, टॅगमध्ये मूळचीच रेघ.

डुप्लिकेट शोधणारं साधन या संग्रहावर कधीही मोकाट सोडू नका. ‘गेम ऑफ प्रिक्स’ आणि ‘माय व्हॅल्युएबल हंटिंग नाइफ’ १९९५ च्या ‘टायगरबॉम्ब’ ईपीसाठी नव्याने रेकॉर्ड झाली आहेत. ‘मोटर अवे’चीही सिंगलची आवृत्ती निराळी. नाव सारखं म्हणून एक उडवली तर गेली. नावापुढेच उगम लिहून ठेवलेला बरा. आमची पसंती अल्बममधल्या ‘गेम ऑफ प्रिक्स’ला, दीड मिनिटात येऊन दार आपटून जाणारं गाणं तेच.

आणि लास्ट.एफएम या साइटवर ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्यांसाठी: ३० सेकंदांखालचे ट्रॅक तिथे मोजलेच जात नाहीत. पूर्ण अल्बम ऐकूनही आकडा कमी दिसला तर दोष प्लेयरचा नाही.

पुढे ‘सूटकेस’ पेट्या, म्हणजे याच बँडच्या गाण्यांचे सीडी-संच. २००० सालच्या पहिल्या पेटीत चार सीड्यांवर १०० गाणी, आणि प्रत्येकावर एका काल्पनिक बँडचं नाव. कलाकाराच्या रकान्यात ती नावं जशीच्या तशी टाकली तर लायब्ररीत शंभर बोगस बँड उगवतात, काढून टाकली तर पेटीतली निम्मी गंमत जाते. तोडगा असा ठरला आहे: ‘अल्बम आर्टिस्ट’मध्ये गायडेड बाय व्हॉइसेस, ‘आर्टिस्ट’मध्ये काल्पनिक नाव, आणि प्लेयरची यादी पहिल्या रकान्यावरून. पहिल्या सीडीवर हे नीट बसलं. उरलेल्या तीन सीड्या आणि पुढच्या तीन पेट्या बाकी आहेत.