सदुसष्ट टक्क्यांवर अडकलेला सीपीयू

भाच्याचा पीसी गेल्या महिन्यापासून हळू झाला होता. आय५-८४००, ८ जीबी रॅम, एसएसडी, विंडोज १०. मशीन जुनं आहे, पण ब्राउझर उघडायला धापा टाकावी इतकं नक्कीच नाही. फोनवर त्याने जे सांगितलं ते ऐकून मी कराडला जाताना पेनड्राइव्ह भरूनच निघालो. तो म्हणाला, "मामा, टास्क मॅनेजर उघडला की पीसी आपोआप बरा होतो. म्हणून मी तो मिनिमाइज करून ठेवतो आणि मग गेम खेळतो. तुम्ही सांगा, हे कसं काय?"

औषधाची बाटली नुसती दाखवली तरी उतरणारा ताप खरा ताप नसतो. टास्क मॅनेजर म्हणजे कोणता प्रोग्रॅम किती सीपीयू आणि रॅम खातोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, तो स्वतः काहीच दुरुस्त करत नाही. तो उघडल्यावर लोड पडत असेल, तर कोणीतरी त्याच्यावर डोळा ठेवून बसलंय.

शनिवार संध्याकाळ

आधी नेहमीचे संशयित. भाच्याचा पहिला आरोप एसव्हीसीहोस्टवर (विंडोजच्या पार्श्वभूमीतल्या सर्व्हिस चालवणारी प्रोसेस) होता, कारण यादीत त्याच्या ओळीच ओळी. यात घाबरण्यासारखं काही नाही. २०१७ च्या क्रिएटर्स अपडेटपासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर विंडोज बहुतेक सर्व्हिसना वेगवेगळा एसव्हीसीहोस्ट देतं, त्यामुळे साठ-सत्तर दिसणं नॉर्मल आहे. बघायचं ते इतकंच: फाइल सिस्टम३२ मधली आहे का (३२-बिट असेल तर सिसवॉव६४), पालक (म्हणजे तिला सुरू करणारी प्रोसेस) सर्व्हिसेस.ईएक्सई आहे का, आणि कमांड लाइनमध्ये "-के" आहे का. सगळे पास झाले. डिफेंडरचं एमएसएमपीइंज, सर्च इंडेक्सर, अपडेटचं टायवर्कर, सिसमेन हेही अधूनमधून डिस्क आणि सीपीयू खातात, पण टास्क मॅनेजर उघडला म्हणून लपत नाहीत.

आता न दिसता मोजायचं कसं? असे प्रोग्रॅम साधारण नावं ओळखतात: टास्कमॅनेजर, प्रोसेस एक्सप्लोरर, प्रोसेस हॅकर, परफमॉन. विंडोजमध्येच असलेलं टाइपपर्फ (सीपीयूसारखे आकडे नोंदवणारी कमांड) मात्र सहसा त्यांच्या यादीत नसतं. कमांड प्रॉम्प्टमधून ते चालू केलं, एकूण प्रोसेसर टाइमचा काउंटर दिला, दर ५ सेकंदांना एक नोंद सीएसव्ही फाइलमध्ये. पीसी तसाच ठेवून जेवायला बसलो. मधे भाच्याला दोनदा टास्क मॅनेजर उघडून बंद करायला लावला आणि वेळ कागदावर लिहून घेतली.

फाइल उघडली आणि जेवणाचं चीज झालं. पीसीवर काहीच चालू नसताना सलग ६६, ६७, ६७, ६८. टास्क मॅनेजर उघडलेल्या मिनिटांत ३ ते ४. आणि तो बंद केल्यावर लगेच दोन-तीन ओळी १००, मग पुन्हा ६७ वर स्थिर.

त्या १०० आणि ६७ वर मी बराच वेळ बसलो, कारण रोगाचं नाव त्या दोन आकड्यांतच होतं.

आय५-८४०० ला सहा कोर, सहाच थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), हायपरथ्रेडिंग (एका कोरवर दोन थ्रेड) नाही. सहापैकी चार थ्रेड पूर्ण भरले की ६६.७ टक्के. आता चारच का? या चिपची एल३ कॅश (सीपीयूच्या आतली वेगवान मेमरी) ९ एमबी. माझा संशय मायनिंगवर गेला, म्हणजे कॉम्प्युटरला सतत गणितं करायला लावून क्रिप्टोकरन्सी कमावणं. मोनेरो या क्रिप्टोकरन्सीचं मायनिंग नोव्हेंबर २०१९ पासून रँडमएक्स या अल्गोरिदमवर चालतं आणि त्याला प्रत्येक थ्रेडमागे २ एमबी कॅश लागते. ९ एमबीत असे चारच बसतात, पाचवा घातला तर उलट नुकसान. एक्सएमरिग हा मोनेरोचा सर्वात परिचित मायनर (मायनिंग करणारा प्रोग्रॅम), तो कॅश बघून थ्रेड आपणच ठरवतो. सुरुवातीचे १०० टक्केही जुळतात: मायनिंगआधी साधारण २ जीबीचा डेटासेट रॅममध्ये तयार करावा लागतो आणि त्या कामाला तो सगळे कोर लावतो. डेटासेट झाला की चारवर येतो.

८ जीबीतले दोनहून जास्त असे गेले की ब्राउझर पेजफाइलमध्ये (रॅम अपुरी पडली की वापरली जाणारी डिस्कवरची फाइल) ढकलला जाणारच. मंदपणाचं खरं कारण मला सीपीयूपेक्षा हेच वाटतं.

शनिवार रात्र

टाइपपर्फ पुन्हा, या वेळी प्रत्येक प्रोसेसचा काउंटर. या काउंटरमध्ये एका कोरचे १०० धरतात, कोरच्या संख्येने भागत नाहीत. म्हणजे मला ४०० च्या आसपासचा आकडा शोधायचा होता. सापडला: कॉनहोस्ट#२, ३९८.

कॉनहोस्ट म्हणजे कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीचा यजमान. त्याला एवढं काम नसतंच.

मग प्रोसेस एक्सप्लोररच्या (टास्क मॅनेजरचा जास्त तपशील देणारा भाऊ) फाइलचं नाव बदलून "हिशेब" ठेवलं आणि अ‍ॅडमिन म्हणून चालवलं. लोड पडला नाही! नावावरच नजर होती. (काही मायनर खिडकीचं शीर्षकही तपासतात, तिथे ही युक्ती चालत नाही.) कॉनहोस्ट ट्रीमध्ये अगदी डाव्या कडेला, म्हणजे त्याला जन्म देणारी प्रोसेस आधीच संपलेली. प्रायव्हेट बाइट्स, म्हणजे त्याने स्वतःसाठी घेतलेली मेमरी, सव्वादोन जीबीच्या वर. खरा कॉनहोस्ट काही एमबीत भागवतो.

इथे एक गोष्ट नव्याने हा छंद लागलेल्यांसाठी. फाइलची डिजिटल सही तपासली तर "व्हेरिफाइड, मायक्रोसॉफ्ट". व्हायरसटोटलवर (एक फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासणारी साइट) शून्य. पाथ सिस्टम३२. सगळं खरं, आणि तरीही प्रोसेस खोटी. कारण डिस्कवरची कॉनहोस्टची फाइल अस्सलच आहे. ती थांबवलेल्या अवस्थेत सुरू करायची, तिच्या मेमरीत आपला कोड भरायचा आणि मग चालू करायचं. याला प्रोसेस हॉलोइंग म्हणतात. सही आणि हॅश (फाइलचा ठसा) तपासले जातात ते डिस्कवरच्या फाइलचे, मेमरीतल्या मालाचे नाहीत. म्हणून मी तरी सहीआधी पालक, कमांड लाइन, मेमरी आणि नेटवर्क बघतो. सही शेवटी.

टीसीपी/आयपी टॅबवर एकच कनेक्शन, बाहेरच्या एका सर्व्हरच्या ३३३३ पोर्टला, सतत चालू. मायनिंग पूलवाले (अनेक मायनरांचं काम एकत्र करणारे सर्व्हर) हा पोर्ट सर्रास वापरतात. खातरजमा म्हणून प्रोसेसचा फुल डंप (तिच्या सगळ्या मेमरीची प्रत) घेतला आणि त्यावर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं, फाइलमधला मजकूर शोधणारं स्ट्रिंग्ज चालवलं. रँडमएक्स, मग डोनेट-लेव्हल. एक्सएमरिग डीफॉल्टने १ टक्का वेळ आपल्या डेव्हलपरांसाठी मायनिंग करतो, त्याचा तो पर्याय. वीजबिल ताईचं, कमाई तिसऱ्याची आणि त्यात दानधर्माचीसुद्धा सोय.

रविवार सकाळ

आता तो परत कसा येतो ते. ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्या गोष्टींची यादी देणारं टूल), अ‍ॅडमिन म्हणून, सह्यांची तपासणी चालू, मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवलेल्या. लॉगऑन टॅब स्वच्छ. डब्ल्यूएमआय (विंडोजमधली आणखी एक आपोआप-सुरू व्हायची जागा) स्वच्छ. शेड्युल्ड टास्क्समध्ये एक नोंद एका ब्राउझरच्या अपडेटरची वाटावी अशी, फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी. ती प्रोग्रामडेटामधल्या एका बिनसहीच्या ईएक्सईकडे बोट दाखवत होती. फाइल तयार झाल्याची तारीख भाच्याच्या डाउनलोड्समधल्या एका गेम-ट्रेनरच्या (गेममध्ये फसवणूक करून फायदा मिळवून देणारा प्रोग्रॅम) झिपशी जुळली. झिपला पासवर्ड होता, तो सोबतच्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेला. असा पासवर्ड स्कॅनरला आत डोकावता येऊ नये म्हणून लावतात. त्याच टेक्स्ट फाइलमध्ये "आधी अँटिव्हायरस बंद करा" हेही प्रेमाने सांगितलं होतं.

मग पॉवरशेलमध्ये डिफेंडरची प्रेफरन्सेस वाचली. एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे स्कॅन करू नये अशा गोष्टींच्या यादीत, अख्खं यूजर प्रोफाइल, प्रोग्रामडेटा, आणि एक्स्टेन्शन म्हणून थेट डॉट ईएक्सई. भाचा रोज क्विक स्कॅन मारत होता आणि रोज हिरवी खूण येत होती, ती का ते कळलं. कोणाचाही पीसी हातात आला की मी आता ही यादी सगळ्यात आधी बघणार आहे. पॉवर सेटिंगमध्ये स्लीपही "कधीच नाही" केलेलं निघालं. पीसी रात्रभर चालू राहतो ही ताईची जुनी तक्रार होतीच.

काढताना क्रम महत्त्वाचा. नुसता कॉनहोस्ट मारून पाहिला, मिनिटभरात नवा हजर. शेजारी आणखी एक अनाथ प्रोसेस राखणदारी करत होती. अशा वेळी आधी दोघांना सस्पेंड करायचं आणि मग मारायचं, कारण गोठलेला राखणदार साथीदार मेल्याचं बघत नाही. मग टास्क आणि फाइल काढली, एक्सक्लूजन पुसले, होस्ट्स फाइल (साइटचे पत्ते वळवता येतात ती) बघितली (ठीक होती) आणि डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. त्याने रोमिंग फोल्डरमधली आणखी एक प्रत पकडली.

टाइपपर्फ: ३, ४, ३, ५. टास्क मॅनेजर उघडा नाहीतर बंद ठेवा.

रविवार दुपार

इथे थांबता आलं असतं, पण मी थांबलो नाही. अ‍ॅडमिन हक्क घेऊन बसलेल्या पाहुण्याने मायनिंगशिवाय काय केलं हे बाहेरून सांगता येत नाही, आणि ब्राउझरमध्ये ताईचे पासवर्ड सेव्ह होते. फोटो आणि कॉलेजच्या फाइली बाहेर काढल्या, ईएक्सई एकही नाही. तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आठव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत बसतो. बायोसमध्ये पीटीटी (विंडोज ११ ला लागणारं इंटेलचं टीपीएम सुरक्षा फीचर) बंद होतं ते चालू केलं, पार्टिशन पुसून नवं इन्स्टॉल केलं. पासवर्ड ताईने तिच्या फोनवरून बदलले, आधी ईमेलचा, मग बँकेचा.

भाच्याचं खातं आता स्टँडर्ड आहे, अ‍ॅडमिनचा पासवर्ड ताईकडे. त्याला तो अन्याय वाटतो. झिप आणि डंप मी वेगळ्या ड्राइव्हवर आणले आहेत. पुढच्या नोंदीत नेटवर्क तोडलेल्या व्हीएममध्ये (पीसीच्या आतला वेगळा आभासी पीसी) झिप चालवून प्रोसेस मॉनिटरने (प्रोग्रॅमच्या हालचाली नोंदवणारं टूल) बघायचं, की राखणदार नेमका कशात घुसतो.