खचलेल्या पोलिसाने जायचे कोणाकडे?

एखाद्या पोलिसाने आत्महत्या केल्याची बातमी आली, की परिचितांपैकी कोणी ना कोणी मला विचारतो : खात्यात समुपदेशक येतात, ताणमुक्तीची शिबिरे होतात, मग त्याची अवस्था वेळेवर कोणाच्याच लक्षात कशी आली नाही? माझी सारी नोकरी पोलीस ठाण्यांत आणि काही काळ मुख्यालयात गेली. निवृत्तीनंतरही अंमलदारांच्या, म्हणजे शिपायापासून सहायक फौजदारापर्यंतच्या कर्मचाऱ्यांच्या, घरी जाणे-येणे आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि म्हणून त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहितो. लक्षात बहुतेक वेळा आलेले असते. शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्याच्या, गाडीवरच्या चालकाच्या, हजेरी मास्तरच्या, आणि घरच्यांच्या तर नक्कीच. अडते ते त्यापुढे, कारण मदत मागण्यासाठी ज्या वरिष्ठासमोर उभे राहायचे, तोच ड्युटी लावतो, रजा मंजूर करतो आणि कामातल्या कसुरीचा अहवालही वर पाठवतो.

"रात्र रात्र झोप लागत नाही, डोक्यात नको ते विचार येतात" असे पोलीस ठाण्यात उघडपणे सांगणाऱ्या माणसाविषयी पहिली शंका ही येते की, हा बंदोबस्त टाळतो आहे. गणेशोत्सवात किंवा आषाढी वारीच्या तोंडावर रजा बंद असतात आणि त्या दिवसांत आजारी पडणारा प्रत्येक जण संशयितच ठरतो. त्यातून मानसोपचाराची चिठ्ठी आणली आणि शस्त्र काढून घेतले गेले, तर ती गोष्ट दुपारपर्यंत साऱ्या बराकीला कळते. म्हणून कित्येक जण साध्या कपड्यांत शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरकडे जातात, स्वतःच्या खिशातून पैसे देतात आणि गोळ्यांचे पाकीट घरातही लपवून ठेवतात. उपचार घेणारा माणूस उपचार लपवतो, हे माझ्या दृष्टीने या सगळ्यातले सर्वांत धोकादायक वास्तव आहे.

एका हवालदाराच्या पत्नीची भेट मला विसरता येत नाही. पती गार्ड ड्युटीवर होते, महिनोन्महिने नीट झोपलेले नव्हते आणि मुलांशी बोलणेही त्यांनी सोडले होते. त्या म्हणाल्या, "साहेब, त्यांच्या हाती बंदूक देऊ नका, पण मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका." ठाण्याचे तेव्हाचे प्रभारी अधिकारी समंजस होते. त्यांनी कागदावर काहीही न आणता हवालदारांना जप्त वस्तू सांभाळणाऱ्या मुद्देमाल कारकुनाच्या मदतीला दिवसपाळीत बसवले, आठवड्यातून एक दुपार डॉक्टरकडे जाण्यासाठी मोकळी ठेवली, आणि काही महिन्यांत तो माणूस पुन्हा हसू-बोलू लागला. पुढे त्या अधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या प्रभारींना मागचे काही ठाऊक नव्हते आणि कागदावर काही नसल्यामुळे ठाऊक होण्याचा मार्गही नव्हता. त्यांनी मनुष्यबळ कमी म्हणून हवालदारांना पुन्हा रात्रीच्या गार्डवर लावले. हवालदारांनी अखेर स्वेच्छानिवृत्ती घेतली. ते आज सुखरूप आहेत, परंतु खात्याने एक अनुभवी तपास अंमलदार गमावला, आणि त्याला सावरणारी व्यवस्था एका अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर उभी होती, ही गोष्ट मला आजही सलते.

खाते काहीच करत नाही, असे मी म्हणणार नाही. महाराष्ट्र पोलीस कुटुंब आरोग्य योजनेमुळे २००५ पासून असंख्य घरे गंभीर आजारपणात कर्जाच्या खाईतून वाचली. योगवर्ग, व्याख्याने, समुपदेशकांच्या भेटी यांमागचा हेतूही प्रामाणिक असतो. पण शिबिराला हजर राहण्याचा हुकूम निघतो, रात्रपाळी संपवून आलेले अंमलदार सभागृहात बसवले जातात, आणि त्यांना त्या वेळी खरी गरज असते ती घरी जाऊन झोपण्याची. २०१९ च्या देशव्यापी पोलीस पाहणी अहवालात कर्मचाऱ्यांच्या कामाची सरासरी दिवसाला सुमारे १४ तास निघाली होती. इतके तास काम करणाऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवण्याआधी त्याचे तास कमी केले पाहिजेत.

ते करता येते, हे मुंबईत दिसलेले आहे. देवनार पोलीस ठाण्यातील रवींद्र पाटील या अंमलदाराने आठ तासांच्या पाळ्यांचे वेळापत्रक स्वतः अभ्यास करून मांडले, तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते स्वीकारले, आणि मे २०१६ मध्ये देवनारला प्रयोग सुरू होऊन पुढे तो शहरातल्या इतर ठाण्यांत नेण्यात आला. जानेवारी २०२२ मध्ये राज्यातील महिला अंमलदारांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश निघाला. मनुष्यबळ अपुरे पडले किंवा मोठा बंदोबस्त आला, की अशा पाळ्या सर्वांत आधी मोडतात. तरीही खात्याने मानसिक आरोग्यासाठी उचललेले सर्वांत मोलाचे पाऊल कोणते, असे विचाराल तर मी देवनारचेच नाव घेईन.

कायदाही आता पूर्वीसारखा कठोर राहिलेला नाही, आणि हे अंमलदारांच्या घरांपर्यंत पोहोचलेले नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दलचे जुन्या दंड संहितेतले ३०९ कलम उरलेले नाही. केवळ लोकसेवकाला त्याच्या कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याच्यावरील शिस्तभंगाची कारवाई रद्द केली. ज्या वर्तनाबद्दल चौकशी लावली, त्यामागे मानसिक आजार हे एक कारण असेल तर अशी कारवाई भेदभाव ठरते, असे न्यायालयाने म्हटले. त्याला दुसरे काम द्यावे लागले तर वेतन आणि सेवाशर्ती अबाधित ठेवाव्यात, आणि ते काम शस्त्राशी संबंध नसलेले असावे याची दक्षता दलाने घ्यायला हरकत नाही, असेही त्या निकालात आहे. माझ्या हवालदारांना जे एका सज्जन अधिकाऱ्याकडून तोंडी मिळाले, तेच इथे हक्क म्हणून लिहिलेले आहे. प्रत्येक घटकप्रमुखाने, म्हणजे पोलीस अधीक्षकाने किंवा आयुक्ताने, हा निकाल वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

न्यूयॉर्क पोलिसांमध्ये १९९६ पासून एक स्वतंत्र संस्था काम करते. प्रशिक्षण घेतलेले पोलीसच स्वयंसेवक म्हणून सहकाऱ्यांचे ऐकतात, आणि संस्था खात्याच्या अधिकाराखाली नसल्यामुळे बोलणाऱ्याला आपली माहिती वरिष्ठांकडे जाईल ही धास्ती राहत नाही. तिथले प्रश्न त्यामुळे मिटले नाहीत. २०१९ या एका वर्षात तिथल्या दहा पोलिसांनी आत्महत्या केली, आणि त्यानंतर खात्याला बाहेरच्या रुग्णालयाशी करार करून मोफत उपचारांची आणखी एक वाट उघडावी लागली. मात्र दोन्ही वेळा वाट खात्याबाहेरच काढली गेली, हे महत्त्वाचे आहे. आपल्याकडे अंमलदारांची संघटना ऑगस्ट १९८२ च्या मुंबईतल्या पोलिसांच्या उठावाच्या वेळी संपली आणि सामान्य शिपायाचे म्हणणे एकत्रितपणे मांडणारे कोणी उरले नाही. संघटनेचा वाद मी येथे उकरत नाही. परंतु निवृत्त हवालदार आणि सहायक फौजदार प्रत्येक जिल्ह्यात आहेत, त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडून प्रशिक्षण देता येईल, आणि त्यांच्यापाशी बोललेले कोणत्याही अहवालात जाणार नाही अशी लेखी हमी महासंचालक कार्यालयाला देता येईल. बराकीतले आयुष्य त्यांनी स्वतः काढलेले असते आणि ड्युटी लावण्याचा अधिकार त्यांच्या हाती नसतो. या दोन्ही गोष्टी एकत्र असलेला माणूस आज खात्यात दुसरा नाही.

तोपर्यंत घरच्यांनी काय करावे, हेही मला विचारले जाते. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तो विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते, आणि पोलिसाच्या घरचे माणूसही तेथे फोन करून विचारू शकते. जिवाला धोका वाटत असेल तर फोनवर थांबू नका. त्या पोलिसाला एकटे सोडू नका, जवळच्या रुग्णालयात न्या, आणि सरकारी शस्त्र त्याच्या ताब्यात असेल तर प्रभारी अधिकाऱ्यांना स्वतः भेटून ते जमा करून घ्यायला सांगा. नोकरीचे काय होईल या भीतीने ही भेट पुढे ढकलू नका, कारण त्याला परत कामावर घेण्यासाठी कायद्याचा आधार आज आपल्या बाजूने आहे.